उभारल्यावरचं बीपी

ओपीडीत बीपी बसवूनच मोजायची रीत आहे. गर्दी असते, खुर्ची एकच. पण चक्कर येते म्हणणाऱ्याला मी पाच मिनिटं आडवं पडू देतो, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजतो. वरचा आकडा 20 नं किंवा खालचा 10 नं उतरला, की मेंदूच्या एमआरआयचं पाकीट मी बाजूला ठेवतो. आमच्या कोल्हापूरकडं ते पाकीट पेशंटच्या आधी टेबलावर येतं!

“उभारलं की डोळ्यापुढं अंधारी येतीया,” एक ऊसकरी सांगत होते. झोपून 150, उभारल्यावर 90. नाडी मात्र जागची हलली नाही. साखर ठीक. मधुमेह आधी तपासायचा, कारण स्वायत्त, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या, नसा बिघडवण्यात त्याचाच नंबर पहिला. मग घामाचं विचारलं. मे महिन्यात रानात राबूनही सदरा कोरडा. भाकरी पाण्याशिवाय उतरेना, पोट साफ होईना, टॉर्च मारला तरी बाहुल्या आळशी. आणि हे सगळं काही आठवड्यांत. वयानं झिजणाऱ्या नसा वर्षं घेतात. इतक्या घाईनं बिघडलं, तर शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीवर आणि तिनं आपल्याच नसांविरुद्ध बनवलेल्या प्रतिपिंडांवर संशय घ्यावा.

हृदय, आतडी, घामाच्या ग्रंथी यांच्याकडं जाणारे निरोप वाटेत मज्जातंतूंच्या गाठींमध्ये एका नसेकडून दुसऱ्या नसेकडं सोपवले जातात. तिथं ॲसिटिलकोलीन हे रसायन ज्या ग्राहकावर बसतं, त्यालाच ही प्रतिपिंडं निकामी करतात. मेयो क्लिनिकच्या व्हर्निनो, लेनन आणि सहकाऱ्यांनी 2000 साली अशा पेशंटांच्या रक्तात ती दाखवून दिली. रक्ताच्या तपासणीला त्यामुळं वजन आलं; पण गाठींच्या या आजाराच्या जवळपास निम्म्या पेशंटांत ती निगेटिव्हच येते, आणि प्रतिपिंडं अगदी थोडी सापडली तर त्यावरून काहीच ठरत नाही. म्हणून प्रतिपिंडांचं महागडं पॅनेल सरसकट लिहिणं मला पटत नाही. विडी ओढणारा असेल तर छातीचा सीटी स्कॅन आधी. फुफ्फुसाच्या कॅन्सरमागून येणारी प्रतिपिंडंही याच नसांवर उठतात.

2025 च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसची, म्हणजे प्रतिकारशक्ती नसांवरच उलटते त्या गियाँ-बारे सिंड्रोमची, साथ आली, तेव्हाही लोक प्रतिपिंडांचा रिपोर्ट मागत होते. तिथं उपचार त्या रिपोर्टसाठी थांबत नाहीत. आयसीयूत पाहायचं असतं ते श्वासाकडं आणि मिनिटागणिक वरखाली होणाऱ्या बीपीकडं.

ऊसकऱ्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. तरी इम्युनोग्लोब्युलिन दिलं, कारण चित्र स्पष्ट होतं. मीठ वाढवा म्हटल्यावर त्यांच्या घरच्या काकू माझ्याकडं संशयानं बघायला लागल्या. घरातल्या बाकी सगळ्यांना मीठ तोडायला सांगितलेलं. शिवाय पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावायच्या, कारण सपाट झोपलं की यांचंच बीपी चढतं.