पाचाचा फरक

आमच्या घराण्यात खेळाडू झालाच नाही असं नाही; आजोबा पत्ते उत्तम खेळत. तरीही 2023 साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या ऋतुजा भोसलेनं रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक मिळवलं आणि मी टीव्हीसमोर, चहाचा कप हातात धरून, ठरवून टाकलं : चिमीला टेनिस शिकवायचं. चिमी सहा वर्षांची. त्या क्षणी ती पलंगाखाली मांजराला वरणभात भरवत होती.

आता हातखंब्याला राहून टेनिस म्हणजे काय ते तुम्हीच बघा. आमच्या तिठ्यावर मुंबई, गोवा आणि रत्नागिरी अशा तीन वाटा फुटतात. विम्बल्डनची पाटी मला तरी अजून दिसलेली नाही. म्हटलं, घरचं अंगण आहे! कोर्ट 78 फूट लांब असतं. तुळशीपासून गडग्यापर्यंत मोजलं तर आमचं अंगण 38 फूट भरलं. उरलेलं 40 फूट शेजाऱ्यांच्या काजूत गेलं.

रॅकेट मोठ्या माणसाची, 27 इंची आणली. शाळेचा गणवेश नाही का आपण वाढत्या अंगाचा घेत? चिमी स्वतः 43 इंच. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, रॅकेटच चिमीला फिरायला घेऊन निघाली आहे. चेंडू जांभ्याच्या गडग्यावर आपटला की कुठं जाईल ते देवालाच ठाऊक. एक तर गडग्यावरून उडाला तो उतारानं थेट पालीच्या दिशेनं गेला.

विल्यम्स भगिनींच्या वडिलांनी म्हणे मुली जन्मायच्या आधीच 78 पानांचा आराखडा लिहिला होता. कोर्टाच्या दर फुटाला एक पान! मी पडलो बँकेतला माणूस. दोनशेपानी वही आणली, रकाने आखले : तारीख, मारलेले, चुकलेले, शेरा. शेऱ्यात मी बहुधा 'लक्ष नाही' असं लिहीत असे.

तिसऱ्या आठवड्यापासून संध्याकाळ झाली की चिमीच्या पोटात दुखू लागलं. रविवारी सकाळीही दुखलं, तेव्हा हिनं ओव्याची बाटली काढण्याऐवजी माझी वहीच उघडून पुढ्यात ठेवली. प्रत्येक 'लक्ष नाही'च्या खाली वेड्यावाकड्या पेन्सिलीत लिहिलं होतं, 'बाबा ओरडले'. ओळीनं पाच दिवस. वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या नोंदी कितीतरी साहेबांनी तपासल्या, पण इतकी बिनचूक तपासणी एकाचीही नव्हती. मी वही मिटली आणि उगाचच नळ गळतोय का ते बघायला परसात गेलो.

मग जरा चौकशी केली. (आधी करायला हवी होती, पण मग बाप कसला?) कळलं ते असं, की लहान मुलांसाठी लाल चेंडू निराळा असतो. आकारानं थोडा मोठा आणि वेगानं नेहमीच्या चेंडूपेक्षा 75 टक्के मंद. 2012 पासून दहा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू आंतरराष्ट्रीय संघटनेनं बंदच केलाय. एवढ्याशा मुलाला रॅकेट 21 इंची पुरते. आणि कोर्ट किती? 36 फूट! म्हणजे आमचं अंगण दोन फूट जास्तच होतं. काजूपर्यंत पोचायची गरजच नव्हती.

आईचं जुनं लुगडं चिकूपासून पपनशीपर्यंत बांधलं, ती जाळी. पलीकडे आई स्वतः उभी राहिली, हातात सूप घेऊन. आणि खरं सांगतो, सुपाला तोड नाही. चेंडू लागला की अलगद परत. पहिल्या दिवशी दोघींचे चार टोले सलग झाले तेव्हा चिमी इतकी ओरडली, की मांजर कौलांवर गेलं.

मला वाटलं, आता निदान गुण तरी रीतसर मोजावेत. मी आईला समजावलं : शून्याला लव्ह, मग पंधरा, मग तीस, मग चाळीस.

"चाळीस?" आईनं सूप खाली केलं. "पंधरा-पंधरानं चाललेत तर पंचेचाळीस नको? पाच कुठे गेले रे?"

"बाबांनी बँकेत ठेवले," चिमी म्हणाली.

तेव्हापासून त्या दोघी एक, दोन, तीन असंच मोजतात. गडग्यापलीकडे गेलेला चेंडू आणायचं काम माझ्याकडे आहे.