दहापैकी किती?

आमच्या होस्टेलवर प्रत्येक गोष्टीला दहापैकी मार्क द्यायची पद्धत आहे. मेसची वांग्याची भाजी चार, ओरल घ्यायला आलेले बाहेरचे सर तीन, नवीन सिनेमा आठ... मग गाणी तरी कशी सुटणार? नवा अल्बम आला की जेवण झाल्यावर कोणाच्या तरी मोबाईलवर लागतो आणि पंधरा मिनिटांत निकाल जाहीर! "बकवास. दोन." "जबरदस्त रे, साडेनऊ!" गंमत म्हणजे पुढच्या आठवड्यात साडेनऊवाला अल्बम कोणी ऐकत नसतं. मित्रांनो, ज्याला रिचेकिंग नाही, रिव्हॅल्युएशन नाही, असा हा एकच पेपर. म्हणून म्हटलं, आपण इंजिनिअर होणार आहोत. मोजायचंच असेल तर जरा नीट मोजू या.

मी वाशिम जिल्ह्यातला. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला आमचा जिल्हा. नाव सांगितलं की निम्मी मुलं विचारतात, "हे कुठे आलं?" पण परीक्षण कसं करावं या विषयाशी वाशिमचं नातं हजार वर्षांहून जुनं आहे. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इसवी सन ९०० च्या सुमारास राजशेखराने 'काव्यमीमांसा' लिहिली. त्यात एक गोष्ट आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून निघून जातो. त्याला बांधून ठेवण्यासाठी गौरी साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते. ती त्याच्या मागे देशभर फिरते आणि शेवटी त्यांचं लग्न कुठे लागतं? विदर्भातल्या वत्सगुल्मात! म्हणजे काव्य आणि काव्याची जाण यांचं लग्न आमच्या गावी लागलेलं आहे.

याच राजशेखराने प्रतिभेचे दोन प्रकार सांगितले. एक निर्माण करणाऱ्याची, दुसरी आस्वाद घेणाऱ्याची. आणि आस्वाद घेणाऱ्यांचे प्रकार चार. पहिला अरोचकी, म्हणजे ज्याला काहीच रुचत नाही. दुसरा सतृणाभ्यवहारी, म्हणजे गवतासकट सगळं खाणारा. आमच्याकडच्या भाषेत दाणा आणि कुटार एकत्रच गिळणारा. तिसरा मत्सरी, ज्याला दुसऱ्याचा गुण दिसतो पण कबूल करवत नाही. गॅदरिंगला दुसऱ्या ब्रँचचा बँड वाजवतो तेव्हा आपल्यातले बरेच जण याच रांगेत बसतात. आणि चौथा तत्त्वाभिनिवेशी. गाभ्यापर्यंत जाणारा, चांगल्याला चांगलं आणि वाईटाला वाईट म्हणणारा. हा हजारात एखादा, तोही असला तर! तेव्हा अल्बम नव्हते, पण आमच्या विंगमध्ये चारी प्रकार सापडतात. चौथा मात्र शोधावा लागतो.

तर हा चौथा होण्यासाठी काय करावं? थोडं आपलं विज्ञान कामाला लावू.

पहिली गोष्ट आवाजाची. मोठ्याने वाजलेलं गाणं कानाला उगाचच चांगलं वाटतं. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की आवाज कमी असला की खर्जातले सूर कानाला फारच कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की तेच गाणं एकदम भरल्यासारखं वाटतं. म्हणून दोन अल्बमची तुलना करायची तर आवाज आधी सारखा करून घ्यावा. आणि मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरवर मृदंगाची 'धुम' येतच नाही, मग "ठेक्यात दम नाही" हा शेरा वादकाला की मोबाईलला?

दुसरी गोष्ट सवयीची. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडलं की एखादी गोष्ट वारंवार समोर आली की ती नुसत्या ओळखीमुळेही आवडू लागते. म्हणजे एक अल्बम वीस वेळा ऐकायचा, दुसरा एकदा, आणि मग तुलना करायची, हा सरळ सरळ अन्याय आहे. दोघांना सारखी संधी द्यावी. मी प्रत्येक अल्बम तीनदा ऐकतो. एकदा सलग, गाणी ज्या क्रमाने दिली त्याच क्रमाने. एकदा हेडफोन लावून, फक्त वाद्यांकडे लक्ष देऊन. आणि एकदा फक्त शब्दांसाठी. तिसऱ्यांदा ऐकून होईपर्यंत मार्काचं नाव काढायचं नाही.

तिसरी गोष्ट लीस्ट काउंटची. फर्स्ट इयरला व्हर्निअर हातात दिला की आधी लीस्ट काउंट काढायला लावतात. मी तो स्वतःच्या कानाचा काढून पाहिला. एकच अल्बम, तीन वेगवेगळे दिवस, आधीचे मार्क न बघता. आले सहा, आठ आणि सात. म्हणजे माझा कान एका मार्काने इकडेतिकडे होतोच. अशा कानाने 'सात पूर्णांक तीन' देणं म्हणजे फूटपट्टीने मोजून मायक्रॉन लिहिणं! तेव्हापासून मी 'सहा ते सात' असंच सांगतो.

पण हे सगळं मोजण्याचं तंत्र झालं. खरा प्रश्न पुढेच आहे. मोजायचं कशाशी?

२०१६ च्या 'सैराट'चं संगीत अजय-अतुल यांनी अमेरिकेत सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर भल्या मोठ्या वाद्यवृंदासह रेकॉर्ड केलं. गाणी चारच, पण सगळा महाराष्ट्र नाचला. आता ती पट्टी घेऊन घरच्या खोलीत रेकॉर्ड केलेला अल्बम मोजला तर उत्तर ऐकायच्या आधीच ठरलेलं आहे. तसंच आमच्या मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीचं. बंजारा समाजाचं ते मोठं तीर्थक्षेत्र. बंजारा तांड्यांवर होळीला डफाच्या तालावर लेंगी म्हणतात. ती सगळ्यांनी मिळून म्हणायची, नाचायची गाणी. ती एकट्याने खोलीत इअरफोन लावून ऐकायची आणि म्हणायचं, "तीच ओळ किती वेळा?" अरे, ती ओळ नाचणाऱ्या पायांसाठी आहे! म्हणून आधी विचारावं, या अल्बमला काय करायचं होतं? ते त्याने कितपत केलं? आणि मग, ते करण्यासारखं होतं का? तिन्ही प्रश्न वेगळे आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात मिसळलं की परीक्षण बिघडलंच.

ही सगळी थिअरी. प्रॅक्टिकल आलं यंदा दिवाळीनंतर. आमचा मोठा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, गावच्या मंडळात खंजिरी भजन गातो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) खंजिरीवर भजनं गाऊन विदर्भातली गावंच्या गावं जागी केली. ती परंपरा आमच्याकडे अजून चालू आहे. दादाने सोयाबीनच्या पैशातले काही बाजूला काढून सहा गाण्यांचा अल्बम रेकॉर्ड केला. घरी गेलो तर मोबाईल माझ्या हातात दिला. "तू इंजिनिअर होऊन राहिला, खरं खरं सांग. दहातले कितीक देशीन?"

आई तिथेच होती. ती म्हणाली, "दहा! अकरा असते तं अकरा देल्ले असते!" होस्टेलवर पार्टनरला अर्धा मिनिट ऐकवलं तर तो म्हणाला, "दोन." गवतासकट खाणारी आमची माय आणि काहीच न रुचणारा आमचा पार्टनर. दोघंही प्रामाणिक, पण दादाच्या उपयोगाचं दोघांकडे काहीच नव्हतं. आणि इथे नुसती गंमत नव्हती. दहा म्हटलं असतं तर पुढच्या हंगामाचे पैसेही त्याने तशाच अल्बममध्ये घातले असते. दोन म्हटलं असतं तर खंजिरी खुंटीला टांगली असती.

मी तीनदा ऐकलं. त्याला गावातल्या पोरांना भजनाकडे ओढायचं होतं, म्हणून स्टुडिओत कीबोर्डचा ठेका टाकून घेतला होता. आवाज पक्का, शब्द स्वच्छ, तिसरं आणि पाचवं गाणं अंगावर काटा आणणारं. पण चार गाण्यांत कीबोर्ड इतका पुढे की खंजिरी ऐकूच येत नव्हती. जे वाद्य त्याला येतं, तेच दबलेलं. हे सगळं मी गाणंवार दोन पानांवर लिहिलं, खाली 'सहा ते सात' लिहिलं आणि त्याच्या हातात दिलं.

दोन दिवस दादा बोलला नाही. तिसऱ्या दिवशी होस्टेलवर फोन. "मार्काचं राहू दे रे. खंजिरी दबली हे तुले ऐकू आलं ना? मलेही तेच खटकून राहिलं होतं, पण कोनी बोलेच ना." त्याने ती चार गाणी पुन्हा मिक्स करायला दिली आहेत. ठेका ठेवलाय, फक्त मागे.

सांगायचा मुद्दा असा की, मार्क हा परीक्षणातला सगळ्यात कमी कामाचा भाग. कारण लिहिलं तर गाणारा सुधारू शकतो, आणि वाचणारा आपल्याशी भांडू तरी शकतो. नुसत्या आकड्याशी कोण भांडणार? तेव्हा यापुढे कोणी अल्बमला मार्क दिले की त्याला तीन गोष्टी विचारा. किती वेळा ऐकला? कशावर ऐकला? आणि त्या अल्बमला करायचं काय होतं? तिन्ही उत्तरं आली तर त्याचे मार्क मान्य, मग ते दोन का असेनात. नाही आली तर परीक्षकालाच एटीकेटी!