टेपवर नसलेला चेहरा आम्हाला नको

१४ एप्रिल किंवा ६ डिसेंबर जवळ आला की आपल्या मोबाईलवर एका ठराविक प्रकारच्या चित्रफिती फिरू लागतात. बाबासाहेबांचा कृष्णधवल फोटो रंगीत होतो, मग हलतो, हसतो, हात उंचावतो. आपण भारावून जातो आणि लगेच पुढच्या दहा ग्रुपवर पाठवतो. त्यामागचे प्रेम खरे आहे, याबद्दल आम्हाला शंका नाही. पण मित्रहो, एक प्रश्न विचारायलाच हवा. मूळ फोटोत जे नव्हते ते तिथे कोणी घातले?

आम्हाला हा प्रश्न एका जुन्या कॅसेटने विचारायला लावला. मराठवाड्यातल्या एका समाजकार्य महाविद्यालयाच्या चार विद्यार्थ्यांनी १९९५ साली भाड्याच्या कॅमेऱ्यावर २२ मिनिटांची फिल्म केली होती. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. त्याच्या दुसऱ्या वर्षी ही पोरे जळालेल्या घरांतल्या पाच बायांकडे गेली आणि त्यांना बोलते केले. त्यातल्या चौघी आज हयात नाहीत. फिल्म एकदा दाखवली गेली आणि मग तीस वर्षे पत्र्याच्या पेटीत पडून राहिली.

एम.ए.ला असताना समाजशास्त्रात आम्ही मौखिक इतिहासाची पद्धत शिकलो होतो. हा इतिहास बुरशी लागून मरतो, हे मात्र पेटी उघडल्यावर कळले. टेपच्या कडेला पांढरी जाळी आली होती. अशी टेप तशीच व्हीसीआरमध्ये घातली तर हेड बिघडते आणि तीच बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. त्यामुळे आधी टेप वाळवली, हाताने फिरवत साफ केली, नव्या खोक्यात बसवली. खरा शोध होता चांगल्या व्हीसीआरचा. जगात व्हीएचएस यंत्रे बनवणारी शेवटची कंपनी २०१६ मध्ये थांबली. आम्हाला यंत्र मिळाले ते लग्नाचे शूटिंग करणाऱ्या एका काकांच्या माळ्यावर.

त्यानंतरचे काम संगणकाचे. आपल्याकडच्या व्हिडिओत सेकंदाला २५ चित्रे असतात आणि प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत, एकाआड एक ओळींनी नोंदलेले असते. जुन्या टीव्हीवर ते जुळून दिसायचे. आजच्या पडद्यावर हलणाऱ्या हाताला कंगव्यासारखे दाते येतात. हे दाते काढणारी 'क्यूटीजीएमसी' नावाची स्क्रिप्ट फुकट मिळते. काहीही न गमावता फाईल साठवणारा 'एफएफव्ही१' हा प्रकारही फुकट आहे. आमची २२ मिनिटे दहा-बारा जीबीत मावली. म्हणजे आपला वारसा वाचवायला मोठ्या स्टुडिओच्या दारात उभे राहावे लागत नाही. चिकाटी आणि दोन हार्डडिस्क पुरतात.

खरा वाद इथून पुढे झाला. आमच्यातल्या एका तरुण मित्राचे म्हणणे होते, "ही धूसर फिल्म कोण बघणार? एआयने फोर-के करून टाकू. पोरे रील बघतात, त्यांना चकचकीत लागते." त्याचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. चळवळीचे साहित्य कोणी बघितलेच नाही, तर जपून उपयोग काय? म्हणून अर्ध्या मिनिटाचा तुकडा चाचणीसाठी त्या सॉफ्टवेअरमधून काढला आणि फिल्ममधल्या एका आजींच्या मुलीला दोन्ही तुकडे शेजारी शेजारी दाखवले. मावशी चकचकीत तुकड्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ही आमची माय नाही रे बाबा. मायच्या कपाळावर गोंदण व्हतं. ते कुठं गेलं?"

यंत्राला गोंदण म्हणजे डाग वाटला होता. सुरकुत्याही त्याने सपाट केल्या होत्या आणि रंग उजळ केला होता. आवाजाच्या सफाईतही तेच झाले. आजी बोलत असताना मागे कोणीतरी जात्यावर दळत होते. यंत्राने ती घरघर गोंगाट समजून पुसली आणि त्या घरघरीबरोबर शब्दांचे शेवटही गेले.

हा योगायोग नाही. अशी यंत्रे जे चेहरे बघून शिकतात, तेच चेहरे दुसऱ्यांवर बसवतात. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात तयार झालेल्या 'पल्स' या प्रणालीला बराक ओबामांचा धूसर फोटो दिला, तेव्हा तिने गोरा माणूस काढून दिला. जगभर त्यावर चर्चा झाली. डाग कोणता आणि खूण कोणती, गोंगाट कोणता आणि आवाज कोणता, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे हजारो वर्षे कोणाकडे होता, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. तोच अधिकार आता आपण स्वतःच्या हाताने एका सॉफ्टवेअरला द्यायचा का?

मग जुनी विद्यार्थी फिल्म नीट करायची म्हणजे काय करायचे? एक उदाहरण आपल्या जवळचे आहे. चार्ल्स बर्नेट या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत, आसपासच्या लोकांना घेऊन, दहा हजार डॉलरपेक्षा कमी खर्चात १६ मिमीवर 'किलर ऑफ शीप' केली आणि १९७७ मध्ये यूसीएलए विद्यापीठात प्रबंध म्हणून सादर केली. कत्तलखान्यात राबणाऱ्या माणसाची ही गोष्ट. इकडे ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, त्याच दशकातली ही फिल्म. पण तिच्यातल्या गाण्यांचे हक्क घ्यायला पैसे नव्हते, म्हणून ती तीस वर्षे सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत पोचली नाही. विद्यापीठाच्या संग्रहालयाने ती जपून नीट केली, हक्कांसाठी सुमारे दीड लाख डॉलर मोजले गेले आणि २००७ मध्ये ती चित्रपटगृहांत लागली. तेव्हाही शेवटचे एक गाणे मिळाले नव्हते, दुसरे वापरावे लागले. २०२५ मध्ये फोर-के आवृत्ती आली, तेव्हा बर्नेट यांना हवे असलेले मूळ गाणे परत आले. तीही आवृत्ती फोर-केच, हे लक्षात घ्या. फरक असा की तिथला तपशील मूळ फिल्मच्या पट्टीत होता. वॉट्समधली पोरे त्यात वॉट्समधलीच दिसतात.

दुसरे उदाहरण तर आपल्या घरातले आहे. बाबासाहेबांच्या अप्रकाशित हस्तलिखितांचे हाल आपल्याला माहीत आहेत. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून 'रायटिंग्ज अँड स्पीचेस'चे खंड काढले. त्यातल्या १९८७ च्या तिसऱ्या खंडात प्राचीन भारतातील क्रांती-प्रतिक्रांतीवरचे अपुरे लेखन आहे. जिथे पाने सापडली नाहीत, तिथे संपादकांनी तसे नोंदवले. बाबासाहेब इथे काय म्हणाले असते याचा अंदाज बांधून कोणी पान भरले नाही. म्हणूनच तो खंड आज पुरावा म्हणून उभा राहतो.

आमची कसोटी यातूनच ठरली. टेपवर जे आहे ते बाहेर काढायचे. टेपवर जे नाही ते घालायचे नाही. रंग उतरून निळा झेंडा जांभळा दिसत होता. आजींच्या पांढऱ्या साडीचा आधार घेऊन रंग जुळवले, झेंडा पुन्हा निळा झाला. हे चालते, कारण तो निळा सिग्नलमध्ये होता. विजेच्या तारांची गुणगुण काढली, जाते राहू दिले. दोन ठिकाणी टेप खराब होऊन चार-पाच सेकंदांचे शब्द गेले आहेत. तिथे पडद्यावर लिहिले : 'मूळ टेप खराब'. तरुण मित्राच्या मुद्द्याला उत्तर म्हणून मोठ्या अक्षरांत उपशीर्षके दिली. धूसर चेहऱ्याचे शब्द कळू लागले की माणूस बघतो, हे त्यानेही वस्तीतल्या पहिल्या खेळाला पाहिले आणि मान्य केले.

कोणी म्हणेल, एवढा सोवळेपणा कशाला? कारण या पाच बाया साक्षीदार आहेत. घर कोणी जाळले, पोलीस कधी आले, धान्य कसे राख झाले, हे त्या सांगतात. त्यांच्या साक्षीत आपण एक जरी बनावट चेहरा घातला, तर उद्या विरोधक म्हणतील की सगळीच फिल्म बनावट आहे. "असे काही घडलेच नाही" म्हणणाऱ्यांची फौज तयारच आहे. तिच्या हातात आपण कोलीत का द्यावे?

तेव्हा तरुण मित्रांनो, आपापल्या वस्तीत शोधा. मोर्चे, गायन पार्ट्या, धम्म परिषदा, विद्यार्थ्यांची पथनाट्ये यांच्या कॅसेट घराघरांत सडत आहेत. आधी कच्ची प्रत जशीच्या तशी काढा आणि तिला हात लावू नका. तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या गावी ठेवा. केलेला प्रत्येक बदल वहीत लिहा. फिल्ममधल्या माणसांची किंवा त्यांच्या वारसांची परवानगी घ्या, आणि शेवटच्या पाटीवर त्यांची नावे पूर्ण लिहा. 'ग्रामस्थ महिला' एवढ्यावर भागवू नका. चकचकीत करण्याची घाई नको. बुरशी मात्र थांबणार नाही, म्हणून काम याच महिन्यात सुरू करा.

जय भीम!