मागूर की मागुराचा तोतया?

बंगळुरू हे बिननदीचं शहर. कावेरीचं पाणी शंभर किलोमीटरांवरून वर चढवून आणावं लागतं. म्हणूनच समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांवरच्या या गावात जुन्या राज्यकर्त्यांनी तळ्यांमागून तळी खोदली. शहराच्या वायव्येला हेसरघट्टा आहे. तिथे अर्कावती नदी अडवून १८९४ साली तलाव झाला आणि नळाचं पाणी आलं. आज त्याच हेसरघट्ट्याला गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीवर संशोधन करणाऱ्या केंद्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. मासे आणि बंगळुरू यांचं नातं असं तळ्यांतूनच जुळलेलं!

शिवाजीनगरातलं रसेल मार्केट मात्र समुद्राच्या माशांनी गजबजतं. मंगळूर आणि केरळचा माल इथे येतो. पण शहरातल्या कुठल्याही बाजारात टबभर पाण्यात वळवळणारा, मिशाळ, बिनखवल्यांचा काळपट मासा दिसला, तर जरा थांबा. त्याचं नाव मागूर सांगितलं जाईल. तो खरा मागूर आहे का?

देशी मागूर म्हणजे पुष्टीचा मासा. बिहारने त्याला राज्यमासा केलं आहे. पूर्वी त्याला जावा बेटावरच्या भावाचंच शास्त्रीय नाव लावत. दोघे वेगळे असल्याचं २००८ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं आणि आपल्या मागुराला स्वतःचं नाव मिळालं. आज जागतिक यादीत तो ‘संकटग्रस्त’ आहे. त्याचा तोतया आहे आफ्रिकी मागूर. बाजारात त्याला ‘थाई मागूर’ही म्हणतात, पण मूळ घर आफ्रिकाच! तो भराभर वाढतो, हवेतूनही श्वास घेतो, गढूळ पाण्यात तगतो आणि दिसेल ते गिळतो. शेततळ्यांत त्याला कोंबड्यांच्या दुकानांतला टाकाऊ भाग घालतात. तळ्यातून निसटला की स्थानिक मासे, त्यांची पिल्लं आणि अंडी फस्त करतो. केंद्राने २००० साली बंदी घातली, हरित लवादाने २०१८ मध्ये पुन्हा बजावलं. तरी बंगळुरूच्या आसपास आणि आपल्याकडे भिगवण-इंदापूर भागातही त्याची चोरटी शेती उघडकीस आली. स्वस्त माशाला गिऱ्हाईक मिळतंच, त्याला कोण काय करणार?

आता ओळख. मिशा पाहू नका. दोघांनाही चार जोड्या असतात. आधी शिंगीला बाजूला काढा. तिचा पाठीवरचा पर इवलासा असतो आणि काट्याचा दंश भयंकर झोंबतो. मागुराचा पर मात्र पाठीवरून थेट शेपटीजवळ जातो. मग आकार बघा. देशी मागूर साधारण फूटभराचा. आफ्रिकी पाहुणा चक्क पाच फुटांच्या पुढे वाढू शकतो. दीड-दोन किलोचा मागूर समोर आला, तर शंका नको, खात्रीच धरा.

पंचाईत होते ती लहान माशांची. अंगावर संगमरवरासारखे ठिपके-डाग असले आणि हनुवटीखाली दोन काळसर पट्टे असले तर तो आफ्रिकी. पण रंगावर फार भिस्त नको. पाणी बदललं की रंग बदलतो. त्यापेक्षा डोक्यामागचं हाड चाचपा. देशी मागुरात ते एका टोकाला निमुळतं होतं, आफ्रिकीत कड नागमोडी लागते. दोघांचा संकरही होतो आणि तेव्हा खुणांची अशी खिचडी होते, की जाणकारही डोकं खाजवतात.

तुकडे करून पिशवीत पडलेल्या माशावर मात्र यातली कुठलीच खूण उरत नाही. म्हणून मासा कापण्याआधी हातात घेऊन बघा, आणि डोकं टाकू नका म्हणून सांगा. कालवणाची चवही त्यातच असते.