ऑर्डर बंद

परवा तेल्हाऱ्याहून मामेबहिणीचा फोन आला. सीए इंटरमीजिएटला बसणार आहे. म्हणाली, "भाईजान, तुमचं टाइमटेबल पाठवा ना." तिला टाइमटेबल नाही पाठवलं, एक गोष्ट सांगितली.

२०१९ साली माझी इंटरची परीक्षा २ मेपासून होती. लोकसभा निवडणुकीमुळे ती २७ मे ते १२ जूनवर गेली. सोबतचे खूश झाले, पंचवीस दिवस मिळाले! मी कॅलेंडर पाहिलं. ७ मेला पहिला रोजा. म्हणजे शेवटची सगळी तयारी रमजानमध्ये आणि ईद ऐन परीक्षेत. पेपर दुपारी दोन ते पाच. वऱ्हाडातला मे महिना, पारा ४५ च्या आसपास, आणि सहरीनंतर पाण्याचा थेंब नाही.

तरी पुण्याच्या एका मित्राचं चौदा तासांचं वेळापत्रक उतरवून भिंतीला लावलं. दोन्ही ग्रुप, आठ पेपर. चौथ्या रोज्यालाच ते कोलमडलं. दुपारी पुस्तकावर डोकं टेकायचं. तरावीहनंतर बसलो की सहरीपर्यंत जागरण, मग दिवसभर ग्लानी. राहिलेली पानं उद्यावर ढकलत गेलो. रोजे सोडावेत का, असंही मनात आलं. मुभा आजाऱ्याला आहे, प्रवाशाला आहे. मी दोन्ही नव्हतो. घरात कोणाला बोललो नाही.

अब्बांचं शिलाईचं दुकान. ईदचा सीझन. नवव्या रोज्याला एक ओळखीचे गृहस्थ कापड घेऊन आले. अब्बांनी वही पाहिली, बोटांवर मोजलं आणि हात जोडले, "माफ करो भाई, ऑर्डर बंद." तशी पाटीही लावली. चांदरातीला अजून वीस दिवस होते. मी विचारलं, गिऱ्हाईक परत का पाठवलं? म्हणाले, "दिवस वीस आहेत, पण हात दोनच. घेतलेला कुर्ता ईदच्या नमाजला अंगावर पाहिजे. अर्धा शिवलेला कोणाच्या कामाचा?"

त्या रात्री भिंतीवरचा कागद काढला. दुसरा ग्रुप बंद. उरले चार पेपर: अकाउंट्स, कायदा, कॉस्टिंग, टॅक्स. प्रत्येकात किमान ४० आणि चारही मिळून २०० गुण हवेत. फजरनंतर साडेपाच ते नऊ डोकं ताजं असतं. ती वेळ कायद्याला, कारण तोच कच्चा. दुपारी दोन ते पाच घड्याळ लावून अकाउंट्स-कॉस्टिंगची गणितं, कारण पेपरही त्याच वेळी. असरनंतर अभ्यास नाही, दुकानात काज-बटण. तरावीहनंतर तासभर टॅक्स, मग झोप. दिवसाचे साडेसात तास, पण रोज पूर्ण झालेले.

अकोल्याहून पेपर देऊन येताना एक इफ्तार एसटीतच झाली. शेजारच्या आजोबांनी न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

निकालात कायद्याला ४३ आले, एकूण २१८. दुसरा ग्रुप नोव्हेंबरात दिला.

बहिणीला म्हटलं, आता परीक्षा वर्षातून तीनदा होते, जानेवारी, मे आणि सप्टेंबरमध्ये. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. दोन्ही एका कागदावर मांड. घरातली कामं तुझ्या वाट्याला किती तास येतात, तेही खरं खरं लिही. मग जे तास उरतील त्यात बसतील तेवढेच पेपर घे.

ती जरा थांबली. "अब्बू विचारतील, दोन्ही ग्रुप एकदम का नाही?"

म्हटलं, "मामूंना सांग, ईदच्या आधी आमच्या दुकानावरची पाटी वाचून या."