हिराचा खराटा

आयुष्यात बरीच बिऱ्हाडं झाली. परळच्या चाळीतली खोली, डोंबिवलीचा वन-रूम-किचन, मग बदलीच्या गावांतली भाड्याची घरं, आणि आता निवृत्तीनंतर पुन्हा श्रीवर्धनच्या बाजूचं आमचं जुनं कौलारू घर. सगळीकडे दाराआड माडाच्या हिरांचा खराटा असतोच. विकतचा नव्हे, हाताने बांधलेला. वाळलेल्या झावळीची पाती सोलून हीर मोकळे करायचे, बुडखे एका पातळीत आणून सुंभाने करकचून आवळायचे. वापरून खराटा सैल पडला की बूड दगडावर आपटायचं, हीर पुन्हा घट्ट बसतात. हे मला शाळेत गुरुजींनी शिकवलं. तेव्हा आमच्या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं, आणि शाळा म्हणजे दोन खोल्या, एक ओटा आणि समुद्राकडच्या अंगाला सुरूचं बन.

सुरूच्या सुया रात्रभर अंगणात पडत. आम्ही दप्तरं घेऊन पोहोचायचो, तेव्हा अंगण लख्ख असायचं. बारीक वाळूवर खराट्याच्या रेघा एकीला एक लागून उमटलेल्या असत आणि वर पाण्याचा हलका शिपका मारलेला. शाळेला शिपाई नव्हता. अंगण कोण झाडतं हा प्रश्न आम्हाला पडलाच नाही. एकदा आम्ही दोघं-तिघं लवकर आलो तर धोतराचा काचा मारून गुरुजीच वाकून झाडत होते. आम्हाला बघून ते थांबले नाहीत, काही बोललेही नाहीत. झाडून झाल्यावर खराटा कोपऱ्यात बूड वर करून उभा केला, हात धुतले आणि घंटा दिली. पुढे आम्हीच लवकर यायला लागलो, खराटा कोणाच्या हाती येतो यावरून भांडायला लागलो. मग त्यांनी पाळ्या लावल्या. पाळीत खोतांच्या घरचा मुलगा होता, कोळीवाड्यातला होता, बौद्धवाडीतला होता. मुलगे आणि मुली एकाच यादीत होते. गुरुजींची स्वतःची पाळी शनिवारची.

एका पालकांना हे खपलं नाही. गावातलं मोठं घर ते. ते तावातावाने आले आणि ओट्यावरूनच म्हणाले, “मास्तर, पोराला केर काढायला शाळेत घातलेला नाही आम्ही.” गुरुजी म्हणाले, “बरं. त्याची पाळी मी करीन.” एवढंच. ना वाद, ना उपदेश. त्या मुलाचा दिवस आला की गुरुजी झाडत आणि तो मुलगा दाराशी उभा राही. त्याला कोणी हसलं तर गुरुजी हसणाऱ्याला बाहेर उभं करीत. काही आठवड्यांनी त्या मुलाने आपणहून त्यांच्या हातातून खराटा घेतला. बाप पुन्हा आला नाही. पुढे तो मुलगा तालुक्याच्या कचेरीत लागला. सातबाऱ्याच्या कामासाठी पैसे न मागणारा माणूस अशी त्याची ओळख होती. सारं श्रेय गुरुजींचं, असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या तोंडी गुरुजींचं नाव वडिलांच्या आधी येई, हे मी ऐकलेलं आहे.

गुरुजींनी हे कुठून उचललं, ते आम्हाला उशिरा कळलं. तरुणपणी ते राष्ट्र सेवा दलात होते आणि त्यांनी साने गुरुजींना ऐकलं होतं. साने गुरुजींचं पालगड आमच्यापासून लांब नाही. बागमांडल्याहून फेरीबोटीने बाणकोटची खाडी ओलांडली की पलीकडे वेश्वी, तिथून पुढे दापोली तालुका. पण त्यांची शिक्षक म्हणून खरी कर्मभूमी खानदेशात, अमळनेरला. १९२४ मध्ये ते तिथल्या शाळेत रुजू झाले आणि छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मुलं वर्गात गेली की ते त्यांच्या खोल्या झाडीत, विस्कटलेली अंथरुणं घडी करून ठेवीत, मळके कपडे धुऊन वाळत घालीत, कंदिलाच्या काचा पुशीत. मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढीत. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. जेमतेम सहा वर्षांची मास्तरकी, आणि पुढचं सारं आयुष्य महाराष्ट्र त्यांना गुरुजीच म्हणत राहिला.

साने गुरुजी म्हणजे डोळ्यांत पाणी आणणारा हळवा माणूस, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. मला ते मुळीच पटत नाही. रोज कोणी बघत नसताना दुसऱ्याच्या पोरांचे कपडे धुवायला हळवेपणा पुरत नाही, तिथे कणखरपणा लागतो. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, ते उतरवून घेतलं साने गुरुजींनी. म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आपल्या हाती आलं. बोलणारा आमच्याच जिल्ह्यातल्या, पेण तालुक्यातल्या गागोद्याचा, लिहिणारा पालगडचा. आणि मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून याच हळव्या माणसाने प्राण पणाला लावून उपोषण केलं, तेव्हा बडव्यांना मागे हटावं लागलं.

खोल्या झाडणं आणि पंढरपूरचं उपोषण या माझ्या लेखी दोन गोष्टी नाहीत. आपल्या समाजात केरसुणी कोणाच्या हाती असावी हे जातीने ठरवून ठेवलं होतं. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात, सफाईचं काम आपल्यालाही करू द्यावं यासाठी अन्नत्याग केला होता, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपवास सुरू केला. झाडू हाती मिळावा म्हणून माणसं उपाशी राहिली, हा इतिहास आमच्या किनाऱ्याचा आहे. आमच्या गुरुजींनी तो वर्गात कधी सांगितला नाही. त्यांनी फक्त पाळ्यांची यादी लावली.

मुंबईत चाळीचा सामाईक जिना मी झाडायला लागलो तेव्हा शेजारी आधी संकोचले, मग एकेक करून उतरले. कचेरीत टेबल स्वतः पुसण्यावरून शिपायाला वाटलं, साहेब आपल्यावर नाराज आहेत. त्याची समजूत घालायला चहा पाजावा लागला.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा, दुपारभर. श्रीवर्धनची रोठा सुपारी ज्या वाड्यांत पिकते त्या वाड्या आडव्या झाल्या, माड मोडले, पत्रे कुठच्या कुठे गेले. टाळेबंदी चालूच होती, वीज नव्हती, फोन बंद. दुसऱ्या सकाळी मी शाळेकडे गेलो तर कोळीवाड्यातला माझा वर्गमित्र आधीच तिथे होता. सोबत त्याचे दोन मुलगे, कोयते आणि दोर. सुरूचं एक झाड शाळेच्या भिंतीवर कलंडलं होतं. ज्यांची घरं उघडी पडली त्यांना रात्री टेकायला कोरडी जागा हवी, शाळेचं स्लॅबचं छप्पर तेवढं शाबूत होतं. संध्याकाळपर्यंत आणखी जुने विद्यार्थी आले, पन्नाशी-साठीची माणसं. कोणी कोणाला बोलावलेलं नव्हतं. हीर काढायला झावळ्या हव्या तेवढ्या पडल्या होत्या. तिथेच बसून आम्ही खराटे बांधले, काचा आणि चिखल काढला. रात्री सात कुटुंबं तिथे झोपली.

या मित्राचं स्वतःचं छप्पर उडालेलं होतं, हे आम्हाला त्याच्या मुलाकडून कळलं. तो मच्छीमार सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांपैकी एक. मदतीचे पत्रे आले तेव्हा वाटपाची यादी त्यानेच केली आणि सोसायटीच्या दारावर लावली. वर एकट्या राहणाऱ्या बायकांची नावं, मग लहान पोरं असलेली घरं, मग होडी फुटलेले, आणि सगळ्यात खाली स्वतःचं नाव. पहिल्या खेपेत पत्रे पुरले नाहीत. त्याच्या घरावर पत्रा चढला तेव्हा जुलैचा पाऊस लागलेला होता, तोवर त्याची बायको ताडपत्रीखाली स्वयंपाक करत होती. ती माझ्याजवळ कुरकुरली, “गुरुजींनी यांना भलतंच शिकवून ठेवलंय.” आणि लगेच विचारलं, “भाऊजी, जेवून जाणार ना?”