बिल नावाची चोच

बिल म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? विजेचं बिल, वाण्याचं बिल, आणि ते हातात आल्यावर बाबांच्या कपाळावर पडणारी आठी! पण आज आपण जाणार आहोत ते बिल भरायचं नाही, बघायचं आहे. इंग्रजीत 'बिल' म्हणजे पक्ष्याची चोचसुद्धा, बरं का. नकाशाचं पुस्तक उघडा. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेट परगण्यात, जमिनीचा एक तुकडा पाण्यात चोच खुपसल्यासारखा खाली आलेला दिसेल. तो पोर्टलँड. त्याचं अगदी शेवटचं टोक म्हणजे पोर्टलँड बिल.

आता दुसरी गंमत. 'बिल' हे इंग्रजांमध्ये माणसाचंही नाव असतं. आपल्याकडे बाळू किंवा बंड्या, तसा तिकडे बिल. १९८३ साली ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर मुलांसाठी एक बाहुल्यांची मालिका सुरू झाली. तिचं नाव होतं 'पोर्टलँड बिल'. तिच्यात हा बिल भूशिर नव्हता, चांगला हाडामांसाचा माणूस होता! म्हणजे, बाहुल्याला हाडंमांस असतं असं समजलं तर. एका दीपगृहाचा तो रखवालदार. हाताखाली दोन मदतनीस, रॉस आणि क्रोमार्टी. आणि डॉगर नावाचा एक कुत्रा. त्यांच्या दीपगृहाचं नाव गिलेमॉट. गिलेमॉट हा समुद्रपक्षी खरोखरचा आहे. पोर्टलँडच्या उभ्या कड्यांवर तो घरटं न बांधता उघड्या खडकावरच अंडं घालतो.

ही मालिका बनवली 'फिल्मफेअर' या कंपनीनं. पॅडिंग्टन अस्वलाची जुनी मालिकाही याच कंपनीची. पद्धत होती 'स्टॉप-मोशन', म्हणजे थांबत थांबत हलवणं. समजा, बिलला चहाचा कप उचलायचा आहे. बाहुल्याचा हात अगदी किंचित, तांदळाच्या दाण्याएवढा सरकवायचा. हात बाजूला घ्यायचे, एक फोटो काढायचा. पुन्हा किंचित सरकवायचा, पुन्हा फोटो. टीव्हीवर सेकंदाला पंचवीस चित्रं सरकतात. तेव्हा एका मिनिटाच्या गोष्टीला चित्रं किती लागतील? करा गुणाकार. पंधराशे! बहुतेक वेळा प्रत्येक स्थितीचे दोन-दोन फोटो घेतात, तरीही बाहुल्याला सातशे-साडेसातशे वेळा हात लावावा लागतो. मध्येच टेबलाला धक्का बसला की तो प्रसंग पहिल्यापासून. आणि हे सगळं कशासाठी? तर तुम्ही दूध पिता पिता ते मिनिटभर बघावं म्हणून.

पण मला या मालिकेतली सगळ्यांत आवडती गोष्ट म्हणजे तिच्यातली नावं. डॉगर हे काही कुत्र्याचं रूढ नाव नाही. ती समुद्राची नावं आहेत. ब्रिटनच्या भोवतालच्या समुद्राचे एकतीस विभाग पाडलेले आहेत, आणि बीबीसी रेडिओवर रोज त्या प्रत्येक विभागाचं हवामान वाचून दाखवतात: वारा कुठून, किती जोराचा, पाऊस आहे का, किती लांबचं दिसेल. क्रोमार्टी हा त्यातला एक विभाग, डॉगर हा एक, आणि पोर्टलँड हाही एक. निवेदक शांत आवाजात एकेक नाव घेत जातो. घरी अंथरुणात पडून ऐकणाऱ्याला ते अंगाईसारखं वाटतं. पण त्याच वेळी डॉगरच्या पाण्यात एखादा मासेमार कानात प्राण आणून ऐकत असतो. जाळी आत घ्यायची की रात्र तिथेच काढायची, हे त्याला त्या एका वाक्यावरून ठरवायचं असतं.

हा बातमीपत्राचा प्रकार सुरू झाला तोही एका मोठ्या दुःखातून. १८५९ च्या ऑक्टोबरात 'रॉयल चार्टर' नावाचं जहाज ऑस्ट्रेलियाहून परत येताना वेल्सच्या किनाऱ्यावर वादळात फुटलं. घर अगदी जवळ आलेलं असताना चारशेंहून अधिक माणसं बुडाली. रॉबर्ट फिट्झरॉय नावाच्या आरमारी अधिकाऱ्यानं मग हट्टच धरला की वादळाची सूचना आधी देता आली पाहिजे. चार्ल्स डार्विन ज्या 'बीगल' जहाजातून जगभर फिरला, त्याचा कप्तान तोच. १८६१ मध्ये त्यानं बंदरांना तारेनं धोक्याचे इशारे पाठवायला सुरुवात केली. २००२ साली फिनिस्टेअर या सागरी विभागाचं नाव बदलून 'फिट्झरॉय' ठेवलं गेलं. सगळ्या एकतीस नावांत माणसाच्या सन्मानार्थ ठेवलेलं असं नाव हेच.

चला तर, आता खऱ्या पोर्टलँडला जाऊ. लंडनहून आगगाडीनं वेमथ या गावी उतरायचं आणि तिथून बस धरायची. पोर्टलँडला बेट म्हणतात खरं, पण ते पुरतं बेट नाही. चेझिल नावाचा गोट्यांचा एक लांबच लांब बांध त्याला मुख्य जमिनीशी जोडतो. सुमारे एकोणतीस किलोमीटर लांब, आणि सगळा लाटांनी रचलेला! या गोट्यांची गंमत ऐका. पश्चिमेच्या टोकाला ते वाटाण्याएवढे असतात, आणि पोर्टलँडकडे यावं तसतसे मोठे होत होत बटाट्याएवढे होतात. लाटा ते जणू चाळून ठेवतात. असं म्हणतात, की रात्री किंवा धुक्यात होडी किनाऱ्याला लागली की पूर्वीचे कोळी पायाखालचा गोटा उचलून बघायचे आणि आपण कुठे आलो ते ओळखायचे.

बस चढ चढून वर येते ती दगडाच्या खाणींमधून. लंडनचं सेंट पॉल्सचं प्रचंड चर्च याच पोर्टलँडच्या पांढऱ्या दगडाचं. खाणी मागं पडल्या की जमीन समुद्राकडे उतरत जाते, झाडं दिसेनाशी होतात, वारा कानशिलं तापवू लागतो. आणि समोर उभं असतं ते दीपगृह. पांढरं, पोटावर लाल पट्टा बांधलेलं, एक्केचाळीस मीटर उंच. ११ जानेवारी १९०६ रोजी त्याचा दिवा पहिल्यांदा लागला. तसा इथे दिवा त्याच्याही आधीपासून आहे. १७१६ मध्येच इथे दोन दीपगृहं उभी राहिली होती. आज त्यांच्या जागी असलेल्या जुन्या मनोऱ्यांपैकी खालचा मनोरा पक्षी-निरीक्षकांचं केंद्र झाला आहे.

या एवढ्याशा टोकावर माणसं तीनशे वर्षं दिवे का लावत बसली? खडकावर उभं राहून समुद्राकडे नीट बघा, म्हणजे कळेल. (कडेला जाऊ नका हं! लाट कधी वर येईल ते सांगता येत नाही.) बाकीचा समुद्र बऱ्यापैकी शांत असतानाही समोर एक पट्टा उकळत्या आधणासारखा खदखदत असतो. पोर्टलँडच्या दोन्ही बाजूंनी भरती-ओहोटीचं पाणी धावत खाली येतं, इंग्लिश खाडीच्या मुख्य प्रवाहाशी त्याची टक्कर होते, आणि तळाशी असलेल्या खडकाच्या पायरीवर ते पाणी उसळतं. लहान होडी यात सापडली की संपलंच. त्यातून सुटलात, तर पूर्वेला काही किलोमीटरवर पाण्याखाली शॅम्बल्स नावाची वाळूची टेकाडं दबा धरून असतात. या शब्दाचा जुना अर्थ खाटकांचा बाजार. सांगा आता!

५ फेब्रुवारी १८०५ ला 'अर्ल ऑफ ॲबरगेव्हनी' हे ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज या शॅम्बल्सवर आपटलं. ते बंगालला आणि पुढे चीनला निघालं होतं. म्हणजे आपल्याकडेच येत होतं म्हणा ना! जहाजावर सुमारे चारशे माणसं होती. ते कसंबसं वाळूवरून सुटलं. वेमथचा किनारा समोर दिसत होता. पण पोटात पाणी भरत गेलं आणि रात्री ते बसलं. डोलकाठ्यांची टोकं तेवढी पाण्यावर राहिली, त्यांना धरून काहीजण थंडीत लोंबकळत राहिले आणि वाचले. अडीचशेंहून जास्त माणसं गेली. कप्तानही गेला. त्याचं नाव जॉन वर्ड्‌स्वर्थ. डॅफोडिलच्या फुलांवर कविता करणाऱ्या विल्यम वर्ड्‌स्वर्थचा हा सख्खा धाकटा भाऊ. दीपगृह तेव्हाही होतं, बरं का. दिवा असला म्हणजे सगळं झालं, असं समुद्रावर नसतं.

आज बिलच्या मनोऱ्यावर मोठ्या दिव्याखाली एक वेगळा लाल दिवाही आहे. तो फक्त शॅम्बल्सच्या बाजूला दिसतो. खलाशाला तो लाल ठिपका दिसला, की आपण नको तिथे आलो हे त्याला समजतं.

आणि मोठा दिवा? तो दर वीस सेकंदांत चार वेळा लुकलुकतो. चारच का? कारण प्रत्येक दीपगृहाची आपापली सही ठरलेली असते. पश्चिमेकडून येणाऱ्या जहाजाला आधी प्लिमथजवळचं एडिस्टोन लागतं. त्याचे दहा सेकंदांत दोन लुकलुकाट. मग स्टार्ट पॉइंट, दहा सेकंदांत तीन. आणि मग हा बिल, वीस सेकंदांत चार. काळ्याकुट्ट रात्री नकाशा आणि घड्याळ घेऊन मोजायचं: दोन, तीन, चार, म्हणजे वाट बरोबर आहे.

बाहुल्यांच्या दीपगृहात तीन रखवालदार होते, ते आठवतंय ना? बिल, रॉस आणि क्रोमार्टी. खऱ्या दीपगृहांतही, विशेषतः समुद्रातल्या खडकांवर, तिघंच असत. त्याची एक गोष्ट सांगतात, जरा भीतिदायक आहे. १८०१ च्या सुमारास वेल्सपासून दूर, भर समुद्रातल्या स्मॉल्स दीपगृहावर फक्त दोघं रखवालदार होते. दोघांचं एकमेकांशी मुळीच पटत नसे, आणि हे गावभर माहीत होतं. त्यातला एक आजारी पडून वारला. दुसऱ्यापुढे मोठा पेच पडला. शव समुद्रात सोडावं तर लोक म्हणतील, यानंच मारलं. म्हणून त्यानं पेटी ठोकून शव त्यात ठेवलं आणि पेटी बाहेर बांधून ठेवली. वादळामुळे आठवडेच्या आठवडे होडी येईना. तो एकटा, बाहेर ती पेटी, आणि तरी त्यानं एकही रात्र दिवा चुकवला नाही. दुर्दैव बघा, दिवा रोज लागलेला दिसत होता म्हणूनच जाणाऱ्या जहाजांना वाटत राहिलं की आत सगळं ठीक आहे. त्यानंतर दोघांऐवजी तिघं ठेवायची रीत पडली.

काम तरी काय असे त्यांचं? काचा पुसायच्या, रॉकेलच्या बत्तीला हवा भरायची, भिंग फिरवणाऱ्या यंत्राला किल्ली द्यायची, पाळीपाळीनं जागायचं. काल केलं तेच आज, आज केलं तेच उद्या. मला तर वाटतं, बाहुल्याचा हात दाण्याएवढा सरकवून फोटो काढणाऱ्या माणसांना या रखवालदारांचं मन चांगलं कळलं असणार.

पण टीव्हीवर बाहुला बिल दिव्याची काळजी घेत होता, तेव्हा खरे बिल आपापल्या पेट्या भरत होते. मालिकेच्या आदल्याच वर्षी, १९८२ मध्ये, एडिस्टोनचं दीपगृह आपोआप चालू लागलं होतं. पोर्टलँड बिलचे रखवालदार १८ मार्च १९९६ रोजी गेले. १९९८ मध्ये नॉर्थ फोरलँडचे गेले, आणि इंग्लंडमध्ये माणसं राहतात असं एकही दीपगृह उरलं नाही. आता पोर्टलँडच्या दिव्यावर लक्ष ठेवतात ते दूर पूर्व किनाऱ्यावरच्या हार्विच गावातून. २०१९-२० च्या सुमारास जुनं फिरतं भिंगही काढून त्याजागी एलईडी दिवे बसवले. दिवा लागतो, चारदा लुकलुकतो, बिघडला तर माणूस गाडीनं येतो. जहाजांचं यात नुकसान झालं असं नाही. फक्त धुक्याच्या रात्री त्या खडकावर कुणी जागं नसतं.

रखवालदार राहायचे त्या घरांत आता प्रवाशांसाठी माहिती केंद्र आहे. तिकीट काढून मनोऱ्यावर जाता येतं. एकशे त्रेपन्न पायऱ्या आहेत, गोल गोल. आजी-आजोबांना खाली चहाला बसवा.

आणि हो, एक महत्त्वाचं राहिलंच. पोर्टलँडवर 'ससा' हा शब्द तोंडातून काढू नका! आपल्याकडे जुनी माणसं रात्री सापाला 'साप' न म्हणता 'जनावर' किंवा 'लांबडं' म्हणतात ना, तसं हे. खाणीत ससे बिळं पोखरायचे, दगड-माती कोसळायची, माणसं दबायची. त्यामुळे सशाचं नाव अशुभ ठरलं. सशाला तिथे 'लांबकान्या' असं काहीतरी म्हणायचं. २००५ मध्ये वॉलेस आणि ग्रोमिट यांचा मोठा चित्रपट आला, तोही स्टॉप-मोशनचाच. नेमका त्याच्या इंग्रजी नावातच ससा! तेव्हा चित्रपटवाल्यांनी पोर्टलँडसाठी वेगळे फलक छापले, आणि त्यांवर तो शब्द ठेवलाच नाही.